तक्रार आढळली नाही

सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘तक्रार आढळली नाही. ग्राहकास गाडी चालू करण्याची योग्य पद्धत समजावून सांगितली.’

ग्राहक म्हणजे मी. चौतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि एकतीस वर्षं गाडी चालवली. ज्याने मला पद्धत समजावली तो काउंटरवरचा तरुण, मी गाडी शिकले तेव्हा जन्मालाही आला नव्हता. त्याने माझ्या हातून किल्ली घेतली, फिरवली, गाडी चालू झाली आणि तो म्हणाला, ‘बघा मॅडम, अशी. प्रेमाने.’

तळपायाची आग मस्तकात गेली. अजूनही ते ‘प्रेमाने’ आठवलं की जाते.

आमच्या गाडीचं दुखणं सांगायला अगदी सोपं होतं. सकाळी पहिल्या किल्लीला चालू व्हायची. रस्त्यात कधी बंद पडली नाही. पण तापलेली गाडी एकदा बंद केली आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा किल्ली फिरवली, की स्टार्टर नुसता घरघरत राहायचा आणि इंजिन काही पेटायचं नाही. दीड-दोन तास थांबलं, की काही झालंच नव्हतं अशा थाटात चालू.

आणि मला नेमकं पाऊण तासानेच निघायचं असायचं. मागच्या वर्षी माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. आठवड्यातून तीनदा बिबवेवाडीहून नारायण पेठेत व्यायामाला न्यायचं, तिथे पाऊण तास आणि मग घरी. आम्ही दोघंही एकाच शाळेत शिकवायचो, त्यामुळे पहिल्यापासून अरे-तुरेवर. त्याला गाडीत कसं बसवायचं हे मला पाठ झालं होतं. आधी पाठ टेकवायची, मग डावा पाय, मग मी वाकून उजवा पाय उचलून आत घ्यायचा. रिक्षाची पायरी त्याला चढता यायची नाही. दोनदा ॲपवरून टॅक्सी मागवली. पहिला चालक गल्लीचं तोंड बघूनच परत गेला. दुसरा म्हणाला, ‘काका, जरा पटकन बसा ना, मागे ट्रॅफिक थांबलंय.’ त्या संध्याकाळी नवरा म्हणाला की आता तो व्यायामाला जाणार नाही. गाडी गेली की उपचार थांबले, इतकं ते सरळ होतं.

मुलाला हे सरळ दिसत नव्हतं. तो खराडीला एका कंपनीत आहे. ‘आई, बारा वर्षं जुनी गाडी आहे, लेट इट गो. माझ्या टीममधला एक जण घेतोय. संडेला बघायला आणतो.’ आणि वर, ‘तू पण आता या वयात पेठेतल्या ट्रॅफिकमध्ये कशाला चालवतेस?’ म्हणजे बिघाड गाडीत नव्हताच. तो माझ्या वयात होता.

पेठेत तर काय, रस्त्यावर बंद पडलेली गाडी आणि आत बाई म्हणजे सार्वजनिक वाचनालयच, कुणीही यावं आणि मत देऊन जावं. ‘किल्ली फार वेळ धरू नका.’ ‘किल्ली लवकर सोडता तुम्ही.’ एकाच दिवशी, एकाच तासात, दोन वेगवेगळ्या सद्गृहस्थांनी हे सांगितलं. समोरच्या गॅलरीतून एक आजोबा विचारते झाले, ‘अहो बाई, पेट्रोल घातलंय का?’ मी म्हणाले, ‘नाही, उसाचा रस घातलाय.’ ते आत गेले. शेजारच्या सीटवर नवरा थकून डोळे मिटून बसलेला, उन्हाने काच तापलेली, आणि मी दीड तास गाडी थंड व्हायची वाट बघत त्याला वहीने वारा घालत होते.

ती वही मी मुद्दाम ठेवली होती. शाळेतली सवय. तारीख, किती वाजता बंद केली, किती वेळाने किल्ली फिरवली, एसी चालू होता की नाही, झालं काय. अकराव्या नोंदीला एक गोष्ट लक्षात आली. थंड गाडीला स्टार्टर मारला, की इंजिन पेटायच्या आधीच आरपीएमचा काटा जरासा वर उचलतो. गरम असताना तो शून्यावर पडून राहतो, जागचा हलत नाही. पुढच्या सगळ्या वेळांना मी फक्त तो काटा बघत बसले. दर वेळी तेच.

पहिल्या खेपेला सर्व्हिस सेंटरने बॅटरी बदलली होती. दुसऱ्या खेपेला गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी चालू करून पाहिली. गरम असताना चालू न होणारी गाडी सकाळी नऊ वाजता तपासली! ताप रात्री येतो म्हणून नेलेलं पोर सकाळी खेळताना बघून परत पाठवावं, तसं.

तिसऱ्या खेपेला मी वही घेऊन गेले आणि गाडी तापलेलीच नेली. काउंटरवर सांगितलं, ‘आत्ता बंद केली आहे. अर्ध्या तासाने माझ्यासमोर चालू करा. आणि काटा बघा, हलणार नाही.’ तो म्हणाला, ‘मॅडम, काटा इंजिन चालू झाल्यावरच हलतो.’ मी वही पुढे केली. त्याने ती हातात घेतली नाही. ‘आमचे टेक्निशियन बघतील. तुम्ही एसीत बसा.’

मी एसीत बसले. काचेतून आतलं दिसत होतं. गाडी आत ढकलत नेली, आणि पाहते तो काय, बॉनेट उघडून दोन माणसं तिच्यावर पाण्याचा फवारा मारत होती. धो धो. इंजिनावर, खाली, चाकांत. मी उठून धावत काउंटरवर गेले. ‘अहो, धुताय काय तिला? गरम बघायची आहे ना?’

‘मॅडम, वॉशिंग केल्याशिवाय गाडी आत घेतच नाहीत. प्रोसेस आहे.’

प्रत्येक खेपेला हेच झालं होतं. आजारी गाडी यायची, ही माणसं आधी तिचा आजार पाण्याने धुऊन काढायची, आणि मग कागदावर लिहायची की आजार नाही. मी तिथे आवाज चढवला. चांगला चढवला. वाट बघत बसलेली चार माणसं मोबाईलमधून डोकं वर काढून माझ्याकडे बघायला लागली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की म्हातारी तापट आहे, एवढंच त्यांना कळलंय. त्यानंतर ते ‘प्रेमाने’ आणि ते जॉब कार्ड.

गंज पेठेतल्या मिस्त्रींचा नंबर मला व्यायाम घेणाऱ्या बाईंनी दिला. सत्तरीचे मुसलमान गृहस्थ, वडिलांपासून गॅरेज तिथेच. फोनवर मी दुखणं सांगायला सुरुवात केली. त्यांनी मध्येच विचारलं, ‘स्टार्टर मारता तेव्हा आरपीएमचा काटा हलतो का, ताई?’

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी मला कामाचा प्रश्न विचारला होता.

‘नाही हलत.’

‘मग इकडे आणू नका. येईस्तोवर काय होईल सांगता येत नाही. जिथे रुसते तिथेच राहू द्या, मी येतो.’

शनिवारी व्यायाम संपला. नवऱ्याला सीटवर बसवलं, किल्ली फिरवली. घरघर. काटा शून्यावर. मिस्त्री स्कूटरवर आले ते एक पाण्याची बाटली आणि फडका घेऊन. त्यांनी माझ्याशेजारी वाकून तो काटा पाहिला, मान डोलावली, बॉनेट उघडलं, बाही वर सारून खाली कुठेतरी खोल हात घातला आणि ओला फडका एका जागी दाबून धरला. वरून थोडं थोडं पाणी सोडत राहिले. पाच मिनिटांनी म्हणाले, ‘मारा.’

काटा हलला. गाडी चालू झाली.

‘क्रँक सेन्सर,’ ते म्हणाले. ‘इंजिन फिरतंय ही खबर हाच देतो. गरम झाला की मुका होतो. गाडी बंद केल्यावर आतलं पाणी फिरायचं थांबतं, मग हा आणखीच तापतो.’ तासाभरात त्यांनी अंगठ्याएवढा नवा सेन्सर आणून तिथेच बसवला. आणि फडक्याला हात पुसत म्हणाले, ‘काटा तुम्ही बघितला होतात म्हणून. नाहीतर मीपण आधी पेट्रोलचा पंप उघडून बसलो असतो. त्यांना नव्हतं का सांगितलंत?’

मी मुलाला फोन लावला. उद्या कुणालाही आणू नकोस, गाडी नीट झाली आहे, काय झालं होतं तेही सांगितलं. तो म्हणाला, ‘वा! पण शुअर ना? मिस्त्रींना फोन दे बरं, मी एकदा त्यांच्याशी बोलतो.’

मी फोन बंद केला.

घरी येताना सगळ्या रस्त्याने माझं तोंड चालू होतं. स्वारगेटला गाड्या तुंबल्या होत्या, त्यामुळे वेळही भरपूर होता. काउंटरवाल्याला शिव्या घातल्या, गॅलरीतल्या आजोबांना घातल्या, पोटच्या पोराला घातल्या. ‘तीनदा सांगितलं मी! तीनदा! होत होतं तेव्हा बघायला कुणी तयार नाही, आणि होत नसताना बघून म्हणतात, काही नाही. ऐकूनच घ्यायचं नाही माणसाचं!’

नवरा समोर बघत होता. एक एक शब्द जुळवत म्हणाला, ‘मी... पण... सांगितलं होतं.’

झटका येण्याच्या आधीच्या पंधरवड्यात त्याने मला सांगितलं होतं, की संध्याकाळी उजवा हात एकदम बधिर होतो, पेला सुटतो, दहा मिनिटांनी बरं वाटतं. मी त्याला सकाळी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोटं दाबायला लावली, त्याने ती घट्ट दाबली. शेजारी उभी राहून मीच म्हणाले, ‘रिटायर झाल्यापासून याला रोज नवीन काहीतरी होतं.’ डॉक्टर हसले, मीही हसले. त्याने आणखी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मी हातातलं काम न सोडता म्हणाले, मोबाईल धरून बसतोस म्हणून होतं. तिसऱ्यांदा काही बोललेच नाही. उठून त्याचा हात बघायला गेले नाही.

मागून हॉर्न वाजायला लागले. पुढची जागा रिकामी झाली होती.

‘हो,’ मी म्हणाले. ‘सांगितलं होतंस.’