घुमी उठली नाही

सासरी तिला घुमी म्हणायचे. तोंडात टाचण्या धरून दिवसभर लोकांच्या पँट आखूड करणारी बाई बोलणार तरी कधी? परदेशात आल्यावरही तेच काम, तेच शिवणाचं मशीन, फक्त गिऱ्हाइकांची भाषा परकी. पण घुमी म्हणजे गरीब गाय असं कुणी समजलं, तर त्याची फसगत ठरलेली.

दुसऱ्या खेपेचे दिवस भरले आणि सकाळी दुकानातच कळा सुरू झाल्या. नवऱ्याने तिला हॉस्पिटलात आणलं. नर्स हसतमुख होती, उगाच नावं कशाला ठेवा. तिने विचारलं, "शून्य ते दहा, किती दुखतंय?" नवऱ्याने मराठीत सांगितलं. घुमीने हिशेब केला: दहा म्हणजे जीव जाणं, आणि आपला तर अजून जागेवर आहे.

"चार," ती म्हणाली. दुखणं जरा मोठं करून सांगितलं की नखरे म्हणणाऱ्या घरात वाढलेली बाई ती, दुसरं काय म्हणणार? मेलं ते वळण!

नर्सने वरवर पोट चाचपलं. "चार ना? मग अजून अवकाश आहे. घरी जा, जास्त दुखायला लागलं की या."

नवऱ्याने लगेच पिशवी उचलली. घुमी उठली नाही.

"अगं चल, त्या सांगतायत ना."

"थोरली कुठे झाली, विसरलात?"

दाराकडे निघालेला तो थांबला. थोरली अर्ध्या वाटेत, टॅक्सीत झाली होती. गळ्याला नाळेचा वेढा, पोर निळी पडलेली. केवळ नशीब म्हणून वाचली.

"या वेळी मी नशिबावर सोडणार नाही. सांगा तिला."

त्याने चाचरत सांगितलं. नर्स म्हणाली, "खोल्या भरल्यात, बाकीच्या बायकांना जास्त त्रास होतोय." पलीकडच्या खोलीत एक बाई हॉस्पिटल डोक्यावर घेत होती, तेही खरंच.

घुमीला कळ आली. तिने खुर्चीचे हात आवळले, ओठ मिटले, कळ ओसरू दिली. मग नवऱ्याला बाजूला सारून त्या परक्या भाषेत मोडकंतोडकं स्वतःच बोलली, "मी ओरडत नाही. तरी दुखतं. मी जात नाही. आत तपास. नाही तर इथे खुर्चीत बाळ होईल, मग पुसत बस!"

"अगं, हळू..." नवरा.

"हळूच बोलले इतकी वर्षं!"

नर्सने उसासा टाकत तिला खाटेवर घेतलं, पडदा ओढला, तपासलं. आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू पळालं. बाळंतपणाच्या खोलीत न्यायलाही वेळ नव्हता. डोकं बाहेर आलं, गळ्याला पुन्हा तोच वेढा. नर्सने बोटाने तो झटकन सोडवला. मुलगा असा काही रडला की नवरा पिशवीसकट खाली बसला.

"मग चार का म्हणालीस?" नर्सने घाम पुसत विचारलं.

"दहा मेल्यावर म्हणायचं ना?"

नर्स हसली नाही. तिने घुमीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळी पाळी बदलली. नवी नर्स आली, हातातल्या कागदावर नजर ठेवूनच म्हणाली, "शून्य ते दहा, किती दुखतंय?"

मुलगा छातीशी होता. घुमी म्हणाली, "आकडा नंतर सांगते. आधी मान वर कर आणि माझ्याकडे बघ."