साधेपणाची धुलाई

साधं राहायचं, हे मी एका रविवारी मटण खाता खाता जाहीर केलं.

त्या सकाळी चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश झाला होता. माणूस घरात वस्तू आणतो, मग त्या वस्तूंचीच चाकरी करत बसतो, आणि देवाच्या वाट्याला येतो तो दमलेला माणूस, असं ते म्हणाले. म्हणताना त्यांची नजर नेमकी माझ्याकडं होती असं मला वाटलं. बायकोचं म्हणणं, ते माझ्यामागच्या घड्याळाकडं बघत होते.

तेव्हा आमचं बिऱ्हाड हिंगोलीत, तीन खोल्यांचं. बैठकीतला सोफा एवढा मोठा की पाहुण्याला आत यायला तिरकं व्हावं लागायचं. आतल्या खोलीत ट्रेडमिल होती. तिच्यावर मी सगळं मिळून चार वेळा चाललो असेन, बाकी वर्षभर तिच्यावर टॉवेल वाळायचे. माणसं तीन आणि टीव्ही दोन. मी एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवतो. बायको शिरड शहापूरच्या बाजूला आरोग्य उपकेंद्रात नर्स, ती रोज जीपनं जायची आणि दिवेलागणीला परत यायची. मुलगी आठवीत होती. रात्रीचं जेवण आम्ही तीन खोल्यांत तीन ताटं घेऊन करायचो, आणि घरातली प्रार्थना म्हणजे रविवारी जेवणाआधी मी घाईनं म्हटलेली दोन वाक्यं.

तर मी हाडूक बाजूला ठेवलं आणि म्हणालो, "आजपासून आपण साधं जगायचं. प्रभूला आवडेल असं."

बायको म्हणाली, "आधी जेवून घ्या. रस्सा गार होऊन राहिला."

मुलीनं विचारलं, "पप्पा, साधं म्हणजे वायफाय पण जाणार का?"

मी म्हणालो, "त्यावर प्रार्थना करू." वायफाय मलाही लागत होतं.

खरं सांगायचं तर बायको हे गेली चार वर्षं सांगत होती. "तिकडंच दोन खोल्या घेऊन राहू, माझा येण्याजाण्याचा वेळ वाचंल, संध्याकाळी तिघं एका जागी तरी बसू." तेव्हा मी म्हणायचो, "खेड्यात? पोरीचं शिक्षण? माझी प्रतिष्ठा?" तेच पाळकसाहेबांनी माईकवरून सांगितल्यावर मला त्यात देवाची वाणी ऐकू आली. बायकोला माईक नव्हता, एवढाच फरक.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वस्तू वाटायला लागलो. वाटायला म्हणजे काय, प्रत्येक वस्तूबरोबर एक भाषण द्यायला. सोफा चुलतभावाला दिला आणि वस्तूंच्या मोहाबद्दल पंधरा मिनिटं बोललो. तो बिचारा टेम्पो चालू ठेवून उभा होता. ट्रेडमिल कुणीच घेईना. शेवटी एका मित्रानं नेली, तीही टॉवेल वाळवायला.

मग एके दिवशी बायको ड्युटीवर असताना तिचा भाऊ आला. त्याच्या घरी नुकतं बाळ झालं होतं. मला भरून आलं आणि मी आमची वॉशिंग मशीन त्याला देऊन टाकली. तो दोनदा म्हणाला, "ताईला विचारलं का?" मी म्हणालो, "तिला आनंदच होईल."

संध्याकाळी ती घरी आली. पर्स ठेवली, हातपाय धुतले, बाथरूमच्या कोपऱ्याकडं बघितलं.

"मशीन कुठंय?"

"तुझ्या भावाला दिली. आपण आता साधं राहायचं ठरवलंय ना."

ती पाटावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फार हळू बोलली. "या घरात कपडे कोण धुतं?"

"मशीन धुवायची."

"आता?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

"साधेपणा तुमी घ्यायचा आन् बाल्टी मी उचलायची, असं जमणार न्हाई," ती म्हणाली. "तुमी देवाला काय द्यायचं ते द्या. माझी कंबर तुमच्या नावावर न्हाई. काहून विचारलं न्हाई मला?"

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. भावाकडून मशीन परत आणावी असं माझ्या मनात आलं होतं, पण एवढी भाषणं झाल्यावर ते कसं करणार? शेवटी मी म्हणालो, "कपडे मी धुईन." म्हणताना वाटलं की बायको म्हणेल, राहू द्या, बायामाणसांचं काम तुमी कशाला. ती म्हणाली, "बराबर. सोमवारपासून."

जूनमध्ये आम्ही शिरड शहापूरला आलो, दोन पत्र्याच्या खोल्यांत, पुढं अंगण, अंगणात नळ. मुलीला गावातल्या शाळेत घातलं. बायको आता दहा मिनिटांत चालत कामावर जायची आणि जीपचे धक्के माझ्या वाट्याला आले. सकाळी सहाला मी त्या नळाखाली बसायचो. गल्लीतल्या बाया घागरी घेऊन जाताना पदर तोंडाला लावायच्या. पहिल्या आठवड्यात मी मुलीच्या शाळेच्या पांढऱ्या ड्रेसबरोबर माझा नवा निळा टॉवेल भिजवला आणि पोरगी आठ दिवस आकाशी रंगात शाळेला गेली.

शेजारी एक म्हातारी आणि तिचा नवरा राहायचे. दोघं मूळचे जवळच्या तांड्यावरचे, थोरल्या लेकानं गावालगत शेत घेतल्यापासून इथं आलेले. तिला अख्खी गल्ली याडी म्हणायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. ती कट्ट्यावर बसून माझं धुणं बघायची.

"मास्तर, साबण कपड्याला लावत असत्यात. तुमी तर फरशीलाच लावून राहिले."

"याडी, ही माझी सेवा आहे. देवासाठी."

"व्हय का? मंग देवाची कॉलर नीट घासा."

तरी मी शिकलो. दिवाळीपर्यंत माझ्या हाताला सराव झाला आणि त्याबरोबर डोक्यात हवा शिरली. शिक्षकांच्या खोलीत बसलो की मी बोटं पुढं करून दाखवायचो, कातडी कशी निघाली ते. कुणी नवी गाडी घेतली की मी "छान, छान" म्हणून असा उसासा टाकायचो की त्या माणसाला पेढा गिळवायचा नाही. साध्या माणसाला एवढं मिरवता येतं हे मला आधी माहीत नव्हतं. सोफ्यावर बसून मी कधी इतका अभिमानी नव्हतो.

मार्चमध्ये पाळकसाहेबांचा फोन आला. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी उपासनेत साक्ष द्याल का? साधेपणानं तुमच्या कुटुंबात काय बदल झाला ते सांगा, पाच मिनिटं. मी होकार दिला आणि त्या दिवसासाठी माझा एकुलता एक चांगला पांढरा शर्ट शनिवारी सकाळी धुऊन दोरीवर टाकला.

ते हळदीचे दिवस होते. आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत याडीच्या लेकानं त्याच दिवशी हळदीला पॉलिश करायचा ढोल लावला. ट्रॅक्टरवर ढोल फिरायला लागला, आत हळकुंडं एकमेकांवर घासली जाऊ लागली आणि पिवळा धुरळा वाऱ्यानं थेट माझ्या दोरीवर आला. मी दुपारी उठून बघतो तर शर्ट पिवळाधमक.

मी चिडलो. बादली भरली, भरपूर साबण लावला आणि शर्ट घासघास घासला. पिवळा शर्ट माझ्या डोळ्यांदेखत लाल व्हायला लागला. मी आणखी साबण लावला. तो आणखी लाल झाला.

मुलगी अभ्यास सोडून बाहेर आली. बादलीत डोकावली आणि म्हणाली, "पप्पा, हळद, साबण... दर्शक ना?"

दरवर्षी मी आठवीला हाच प्रयोग करून दाखवतो. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं की कागद लाल होतो, कारण साबण आम्लारिधर्मी. मागच्याच वर्षी या प्रश्नाला मी पोरांचे मार्क कापले होते. आणि मी अंगणात बसून अर्धा किलो साबणानं तोच प्रयोग शर्टभर करत होतो.

याडी कट्ट्यावरून म्हणाली, "मास्तर, आता साबण लावू नका. साध्या पाण्यातून काढा आन् उन्हात टाका. हळदीला ऊन खातं." पण ऊन कलायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी मी फिक्कट नारिंगी, मधे मधे गुलाबी ठिपके असलेला शर्ट घालून हिंगोलीला चर्चमध्ये उभा राहिलो.

साक्ष पाच मिनिटांची होती, मी पंचवीस मिनिटं दिली. मशीन कशी दिली, हात कसे सोलले, बाया कशा हसल्या, मी कसं सहन केलं. शर्ट दाखवला. लोक हसले, एकदोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी दोनदा खाकरून घेतलं. मी खाली उतरलो तेव्हा मला तरंगल्यासारखं वाटत होतं.

परतीच्या जीपमध्ये मुलगी माझ्या शेजारी होती. जीप औंढ्याला थांबली. तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, राग नका येऊ देऊ. मी मोजत होते. तुमच्या साक्षीत मशीन अकरा वेळा आली."

"बरं. मग?"

"येशू दोनदा आला. त्यात एकदा तुम्ही शर्टाकडं बघून 'अरे येशू' म्हणालात."

बायको खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. मीही हसलो, पण मनातल्या मनात साक्ष पुन्हा मोजून बघितली. दहा महिने मी प्रभूसाठी म्हणून धुणं धुतलं आणि त्याच्याबद्दल सांगायची वेळ आली तेव्हा मला फक्त मीच आठवलो. घरी येईपर्यंत मी गप्प होतो. बायकोनं मला दोनदा ताप बघण्यासाठी हात लावला.

त्याच आठवड्यात याडीचा हात भाजला. मागून काढलेली हळद शिजवायच्या मोठ्या कुकरचं झाकण काढताना वाफ आली आणि उजवा हात मनगटापर्यंत सोलला. बायकोनं लगेच पाणी ओतलं, दवाखान्यात नेलं, नंतर रोज घरी जाऊन पट्टी बदलली. "पंधरा दिवस हाताला पाणी न्हाई," तिनं बजावलं. लेक आणि सून दिवसभर हळदीत, म्हातारा कंबरेनं वाकलेला. तिसऱ्या दिवशी याडीच्या दारात धुण्याचा ढीग दिसला. वर एक जाड गोधडी होती.

मी तो ढीग सकाळी बघितला आणि जीपला गेलो. संध्याकाळी पुन्हा बघितला. बायको काही म्हणाली असती तर मला वाद घालता आला असता.

गुड फ्रायडेला सुट्टी होती. उपासना दुपारची. सकाळी मी बादली घेऊन याडीच्या दारात गेलो.

"मास्तर, काय करून राहिले? ठेवा ते! माणसानं माझे कपडे धुवायचे? पाप लागंल मला."

"याडी, मला सराव आहे."

"लोक काय म्हणतील?"

"ते माझ्याबद्दल आधीच म्हणून झालेत."

तिनं लुगडी मात्र ओढून घेतली, त्यांना हात लावू दिला नाही. ती माझ्या मुलीनं धुतली. मी नवऱ्याची धोतरं आणि गोधडी घेतली. गोधडी भिजल्यावर म्हशीएवढी जड झाली. एकट्याला पिळता येईना. तो म्हातारा आतून आला, एक टोक धरलं आणि आम्ही दोघं उलट्या दिशांनी पीळ द्यायला लागलो. त्याच्या हातात माझ्यापेक्षा जास्त ताकद होती. मी दोनदा घसरलो, दुसऱ्यांदा चिखलात बसलो. याडी भाजलेला हात छातीशी धरून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उपासनेला मी उशिरा पोचलो, मागच्या बाकावर बसलो, आणि पहिल्यांदाच कुणी आपल्याकडं बघतंय का हे बघायचं विसरलो.

मी सुधारलो असं मात्र समजू नका. हे कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि बघा, सांगून बसलो. अजूनही हिंगोलीत सोफ्यांच्या दुकानाच्या काचेसमोरून जाताना माझी चाल मंदावते. वायफायही घरात आहे, प्रार्थनेचं उत्तर अजून आलेलं नाही असं मी म्हणतो.

पण संध्याकाळी आम्ही तिघं चटईवर एकत्र जेवतो. जेवण झालं की प्रार्थना करतो, आणि आता ती बायको करते, कारण माझी लांबते. ती नावं घेऊन प्रार्थना करते: पोलिओच्या डोसाला घाबरणारी लेकरं, अवघडलेल्या बाया, याडीचा हात. हात बरा झाला तरी म्हातारी रोज त्या वेळेला येऊन उंबऱ्यावर बसते. परवा मी डोळे मिटून बसलो होतो, तेव्हा तिनं मुलीला हळूच विचारलं, "सिस्टरबाई मास्तरसाठी काय मागून राहिल्या?"

मुलगी म्हणाली, "थोडं कमी बोलणं."

"व्हय," याडी म्हणाली, "त्याला टाइम लागंल," आणि तिनंही हात जोडले.