भिंतीवरचं इंग्रजी

लढाईच्या दिवसांत कागद मिळेना, म्हणून आमचे हे इंग्रजी शब्द कोळशाने पडवीच्या भिंतीवर लिहायचे. डिक्शनरी शहाद्याच्या एका वकिलाची. रविवारी आमच्या प्रकाशा गावाहून तिकडे चालत जायचे, पाटीवर शब्द उतरवून आणायचे आणि भिंतीवर चढवायचे. साधे शब्द त्यांना शाळेतच आले होते. आता हवे होते भारी, साहेबाने ऐकून मान वर करावी असे. धुळ्याच्या कचेरीत कारकुनाची जागा निघणार होती.

मी दर शनिवारी ती भिंत शेणाने सारवायची. तोवर पाठ झाले तर झाले, नाहीतर गेले. मला अक्षर येत नव्हतं, पण डोळे होते ना. नवरा भिंतीकडे बघून पुटपुटतो, मधेच हसतो आणि मी आले की गप्प होतो, हे काय लक्षण? शिकतोय तर शिकू दे, असं सासूबाईंचं. म्हणायच्या, "तो शिकी ऱ्हायना, तुन्हं काय जास?"

माझंच तर सगळं जाणार होतं. कोरीट गावचा एकजण असाच इंग्रजी शिकून नोकरीला लागला आणि वर्षाच्या आत तिकडे शिकलेली बायको केली. पहिली सासरीच कापूस वेचत राहिली. तिला मी बाजारात पाहिलं होतं. कुंकू होतं, मंगळसूत्र होतं, नवरा तेवढा नव्हता.

मग मी शुक्रवारीच सारवू लागले. पुढे गुरुवारी. हे भांडले असते तर बरं वाटलं असतं. पण चकार शब्द न काढता पहाटे उठून पाठ करू लागले, तेव्हा माझा संशय पक्काच झाला.

नोकरी लागली. स्टेशनाला जायला गाडी जुंपली, तसे हे म्हणाले, "खोली न्हानी शे. दिवाळीनंतर तुले बलाईसू."

कोरीटवालाही दिवाळीच म्हणाला होता.

मी विचारलं, "टाकेल बायकोले तुम्हना इंग्रजीमा काय म्हनतस?"

वाटलं, चिडतील, निदान हसतील तरी. हे लगेच टाकलेल्या बायकोचा इंग्रजी शब्द सांगून मोकळे झाले. आठवायलासुद्धा थांबले नाहीत. मग आपण काय बोलून बसलो ते त्यांना उमगलं आणि तोंड उतरलं.

 मी आत गेले, दोन लुगडी आणि तवा गाठोड्यात बांधला आणि सासूबाईंच्या देखत गाडीत जाऊन बसले. हे चाकाशी उभे होते. उतर म्हणायला त्यांना तोंड राहिलं नव्हतं.