बाबांचा 'हव'

आमच्या घरातलं सगळं बोलणं बाबांच्या वाट्याला आलं होतं. शिक्षक म्हणून निवृत्त झाले, तरी जयंती जवळ आली की गिरडपासून रोहण्यापर्यंतची मंडळं त्यांना भाषणाला बोलवायची. मोठा भाऊ त्यांच्यावर गेला. मी धाकटी, आणि घुमी. नालवाडीच्या घरी पाहुणे आले की मी पाण्याचा ट्रे ठेवायची आणि आत पळायची. आत्या बाहेरून ओरडायची, "काऊन वं, जिभीले कुलूप लावलं काय?" बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, हे तर मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकलं की गव्हाची कणीक मळतानाही तेच आठवायचं. मला बोरंही विकायची नव्हती आणि गहूही. पण हे सांगायचं तरी बोलावंच लागतं.

शाळेत असताना बाबांनी मला रोहण्याच्या स्टेजवर उभं केलं. भाषण त्यांनीच लिहून दिलं होतं, मला तोंडपाठ होतं. "आदरणीय व्यासपीठ" एवढं म्हटलं आणि पुढे काही येईना. मंडपातल्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. बाबांनी हसत माईक घेतला आणि स्वतःचं भाषण सुरू केलं. मी जाऊन शेवटच्या रांगेत बसले, जमिनीत गडप व्हावं असं वाटत.

परत येताना स्कूटरवर मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "माह्या भाषणात लोकं कुठं कंटाळले, दिसलं काय तुले?"

दिसलं होतं. मी सांगितलं, "तुम्ही आकडे सांगायला लागले ना, तेव्हा बायका चपला शोधायला लागल्या."

ते इतके हसले की स्कूटर रस्त्याच्या कडेला गेली. त्यानंतर त्यांनी मला कधी स्टेजवर चढवलं नाही. सोबत मात्र प्रत्येक वेळी नेलं, शेवटच्या रांगेत बसवलं, आणि परतीच्या वाटेवर तोच प्रश्न विचारला. मी लोकांचे पाय, माना, डोळे बघायची आणि खरं तेच सांगायची. मी बिघडलेली नाही, मला एक काम येतं, हे मला त्या स्कूटरवर कळलं. पुढे रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली. तिथंही बघायचंच काम आणि बोलायचं नाही. मी सुखात होते.

मग बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. स्टेजवरची ती शुद्ध भाषा, ते शेर, ते किस्से, सगळं पुसलं गेलं आणि घरातला एकच शब्द उरला, "हव." जेवले काय? हव. झोप लागली काय? हव. भेटायला येणारे त्यांच्या कानाशी मोठ्यानं बोलायचे, जणू कान गेले होते. "वळखलं काय, सर?" हव. लोक खूश होऊन, चहा घेऊन जायचे.

पण प्रत्येक हव म्हणजे होकार नव्हता. खरा होकार असला की बाबांची नजर आधी आपल्याकडे यायची आणि शब्द मागून. नकार असला की शब्द घाईनं सुटायचा आणि नजर भिंतीकडे जायची. हे मला कोणी शिकवलं नाही. मी त्यांच्याजवळ तासन् तास गप्प बसायची, आणि गप्प बसलं की दिसतं. आईला दाखवलं तेव्हा तिलाही थोडं उमगलं. पण ती सदा कामात, आणि आत्या समोर असली की तीही माझ्याइतकीच मुकी.

उन्हाळ्यात बाबांना गिळता येईनासं झालं, छातीत कफ भरला. इथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. घरी ठेवून त्रास कमी करता येईल, किंवा नागपूरला नेऊन नळ्या, मशीन, पण खात्री काहीच नाही. भाऊ पुण्याहून रातोरात गाडी चालवत आला. त्याचे डोळे लाल होते. त्याचा बाबांवर जीव होता, हे मी आजही सांगेन. आमच्या घरात बाबांच्या शब्दापुढे कोणी गेलं नव्हतं, म्हणून त्यानं सगळ्यांसमोर, खाटेशी वाकून, मानानं विचारलं.

"बाबा, नागपूरले जायचं काय?"

"हव," बाबा लगेच म्हणाले आणि भिंतीकडे बघू लागले.

"झालं," आत्या म्हणाली. "मोठ्या माणसाचा शब्द आला."

मी म्हटलं, "बाबांना जायचं नाही." माझा आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं.

"अवं, बाबा सोता हव म्हणून राह्यले ना!" भाऊ म्हणाला.

मी नजरेचं सांगायला गेले. शब्द आधी, नजर नंतर, असं काहीतरी. ते तोंडातून बाहेर पडताच मलाच येडपटासारखं वाटलं. शेवटी मी बाबांकडे वळले. बाहेर रखरखीत ऊन होतं. "बाबा, पाऊस पडून राह्यला काय?"

"हव," बाबा म्हणाले.

"बघ," मी भावाला म्हटलं.

"आजारी मानसाची मस्करी करतं?" तो खरंच दुखावला होता. आणि आत्या म्हणाली, "जन्मभर तोंड उघडलं नाई, अन् उघडलं त बापाच्या जिवावर उठली."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी रोहण्याच्या स्टेजवर होते, फक्त या वेळी माईक घ्यायला बाबा उठू शकत नव्हते. घुम्या माणसाचं हेच दुखणं आहे. त्याला दिसतं सगळं, पण त्याच्या शब्दाला बाजारात कोणी विचारत नाही. बाबांनी भिंतीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. मला काही विचारायचं राहिलं नव्हतं आणि करताही काही येत नव्हतं.

अँब्युलन्समध्ये त्यांच्याजवळ मीच बसले. नागपूरला त्यांच्या घशात नळी घातल्यावर तो एक शब्दही गेला. काही दिवसांनी बाबाच गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घरासमोर मंडप घातला होता. बुद्धवंदना झाली, मग रिवाजाप्रमाणे एकेक जण बाबांबद्दल बोलायला उठला. माझ्याकडे माईक आला तेव्हा मी मान हलवून तो पुढे दिला. लोक काही म्हणोत, त्या दिवशी मला त्याची लाज वाटली नाही. मी शेवटच्या रांगेत, माझ्या जागेवर होते. भाऊ बोलला तो हुबेहूब बाबांसारखा. "शेवटपर्यंत लढायची बाबांची इच्छा होती," तो म्हणाला, "ती आम्ही पूर्ण केली." सवयीनं मी लोकांचे पाय बघितले. कोणी हललं नाही. सगळ्या भाषणातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं.

मंडप रिकामा झाल्यावर तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. तो गप्प बसलेला मी पहिल्यांदा बघत होते.

"कंटाळले काय लोकं?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

त्यानं तोंडावरून हात फिरवला. "बाबाले जायचंच होतं ना वं नागपूरले?"

बाबांचा शब्द पाळला, एवढ्या एका गोष्टीवर तो उभा होता.

"हव," मी लगेच म्हटलं, आणि मंडपाच्या कापडाकडे बघत राहिले.

तो माझ्याकडेच बघत होता. त्यानं मान डोलावली, माझ्या पाठीवर थोपटलं आणि खुर्च्या गोळा करायला उठला.