वरची चार मिनिटं

परळच्या मोठ्या इस्पितळात भेटायला येणाऱ्यांची वेळ चार ते सहा. सहाची घंटा झाली की वॉर्डबॉय ओरडायला लागायचा, "चला, चला, टाइम झाला!" आणि डबे, पिशव्या, डोळे पुसणाऱ्या बायका, सगळा लोंढा जिन्याने खाली उतरायचा. एकटी शेवंतीबाई त्रिभुवन जागची हलायची नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून म्हणायची, "अजून चार मिनिटं आहेत." वॉर्डबॉयने पहिल्या वर्षी तिच्याशी भांडण केलं, दुसऱ्या वर्षी कपाळाला हात लावला, आणि तिसऱ्या वर्षापासून तो त्या चार मिनिटांत गॅलरीत जाऊन विडी ओढून यायला लागला.

ही चार मिनिटं आली कुठून, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

शेवंतीबाई मूळची नगरकडची. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर वळणदार आणि जीभ तिखट. लग्न करून परळला आली ती शांतवन त्रिभुवनच्या घरी. घर म्हणजे काय, तर मराठी ख्रिस्ती मंडळीच्या देवळामागे मंडळीचीच एक दुमजली चाळ होती, तिच्यातली दहा बाय बाराची खोली. मंडळीच्या पंचांना तुमची चालचलणूक पसंत असेल तोवर ती तुमची. शांतवन गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, ही त्याच गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायला, तीही बदली. म्हणजे कायमची बाई गैरहजर राहिली तर हिला काम, नाहीतर दरवाजावरून परत.

एकोणपन्नास साली शांतवनची छाती गेली. चार महिने तो त्या वॉर्डात पडून होता. शेवंतीबाई रोज पाळी सुटली की धावत जायची. एक दिवस मात्र ती रेशनच्या रांगेत अडकली आणि पाच वाजता पोचली. तोवर खाटेवर चादर ओढलेली होती. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "बाई, पाणी मागत होता. पेला तिथंच होता, पण हात पोचत नव्हता. आम्हाला वाटलं, त्याचं कुणी येईलच." भेटीची वेळ होती. खाटेखाटेभोवती माणसं होती. त्याच्या खाटेशी कुणी नव्हतं. हे शेवंतीबाई जन्मभर विसरली नाही, आणि देवालाही तिने विसरू दिलं नाही.

त्याच वर्षी कापणीच्या सणाला मंडळीचे चिटणीस मनमोहन आढाव दशांशावर बोलायला उभे राहिले. आढाव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. कोट, टोपी, खिशात दोन पेनं. ते म्हणाले, "देवानं जे जे दिलं, त्या सगळ्याचा दहावा हिस्सा त्याचा आहे. सगळ्याचा, बरं का!" ऐकणाऱ्यांनी मनातल्या मनात पगाराला दहाने भागलं. शेवंतीबाईने मात्र 'सगळ्याचा' हा शब्द गाठीला बांधून घरी नेला. आपल्याला देवाने काय दिलंय? नवरा दिला होता, तो नेला. पैसा देतो, पण मन मानेल तसा. एकच गोष्ट तो न चुकता देत होता, रोजचा दिवस. तिने कोळशाने फरशीवर गणित मांडलं. चोवीस तासांची चौदाशे चाळीस मिनिटं. त्याचा दहावा हिस्सा एकशे चव्वेचाळीस. म्हणजे दोन तास चोवीस मिनिटं.

साडेतीनला गिरणीचा भोंगा व्हायचा. चालत इस्पितळ दहा मिनिटं. चालण्याचा वेळ देवाच्या खात्यावर टाकायचा नाही, ती लबाडी झाली. म्हणून तीन चाळीसपासून सहा चारपर्यंत. ही बाई पाणी भरते म्हणून वॉर्डच्या सिस्टर तिला चारच्या आधीच आत घ्यायच्या. ज्याच्या खाटेशी कुणी नसेल तिथे ही जाऊन बसायची. कुणाचे केस विंचरायची, कुणाचं कार्ड लिहून द्यायची, कुणाच्या शिव्या ऐकून घ्यायची आणि जमल्यास परत करायची. बदली मिळाली नाही त्या दिवशीही ती भोंग्याची वाट बघायची आणि त्यानंतरच निघायची. पगार असेल त्या महिन्यात मंडळीच्या पेटीतही दशांश पडायचा. नसेल तेव्हा एखादा आणा. पण वेळेचा हिस्सा कधी कमी झाला नाही. "दिवस सगळ्यांना सारखाच चोवीस तासांचा," ती म्हणायची. "तिथं मी गरीब नाही."

अशी सहा वर्षं गेली आणि मुंबई कुणाची, यावरून गिरणगाव पेटलं.

एके दिवशी सकाळी गिरणीच्या दरवाजावर मोर्चाची जमवाजमव चालली होती. लालबागचा गुणाजी, कोकणातला तरणा साचेवाला, घोषणा द्यायला पुढे होता. शेवंतीबाईला बघून त्याने दोन्ही हात कपाळाला लावले. "सलाम, मेमसाब! तुमचे गोरे गेले, तुम्ही कधी जाताय विलायतेला?" लोक हसले.

शेवंतीबाई थांबली. "माझा देव माझ्याशी मराठीत बोलतो, मेल्या. तुझा कुठल्या भाषेत बोलतो?"

आता लोक गुणाजीला हसले. तो ओशाळला, पण नाक वर करून पुढे गेला.

छप्पन्नच्या जानेवारीत गोळीबार झाला. गिरण्या बंद, रस्त्यात दगड आणि काचा, मध्येच कर्फ्यू उठायचा, मध्येच लागायचा. भोंगाही बंद. शेवंतीबाई चाळीतल्या एका घड्याळावर वेळ बघून, बोळाबोळांतून इस्पितळात पोचली. वॉर्डाच्या दाराशी टेबल टाकून एक हवालदार बसला होता. गोळी लागलेल्यांना भेटायला येईल त्याचं नाव, पत्ता, आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, सगळं वहीत लिहायचं. म्हणूनच त्या खाटांशी कुणी फिरकत नव्हतं. ज्याचं नाव वहीत, त्याच्या घरी उद्या पोलीस.

हवालदार साताऱ्याकडचा होता. हळूच म्हणाला, "बाई, नाव लिवलं तर चौकशी हुईल. माघारी जावा."

"चोरी केलीय का मी? लिहा. शेवंतीबाई शांतवन त्रिभुवन. आणि 'त्रि' नीट काढा."

चौथ्या खाटेवर गुणाजी होता. गोळी मांडीतून गेली होती. तिला बघून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. ती स्टूल ओढून बसली. भिंतीकडूनच आवाज आला, "मावशे, तू कित्याक इलंस? मी तुका काय काय बोललंय."

"बोललास खरा. लाज वाटून घे, पण आधी पाणी पी."

दुसऱ्या दिवशी त्याने कणकवलीकडे आईला कार्ड लिहायला सांगितलं. "लिही, आंब्यावरसून पडलंय."

"परळात आंबा कुठला रे? खोटं मी लिहीत नाही. पायाला लागलंय, आणि जवळ आपलं माणूस आहे, एवढं लिहिते. दोन्ही खरं आहे."

गुणाजी तिच्याकडे वळला आणि पत्ता सांगायला लागला.

पंधरा दिवस असे गेले. मग वही वरच्या साहेबाच्या टेबलावर गेली. साहेब हुशार होता, आणि हुशार माणसाला जे दिसायचं तेच दिसलं. इस्पितळात भेटायला येणाऱ्या सगळ्यांनी सहाला बाहेर पडायचं असतं. ही एक बाई सहा वाजून चार मिनिटांनी. रोज. वॉर्ड रिकामा झाल्यावर ही चार मिनिटं काय करते? चिठ्ठ्या पोचवते? निरोप आणते? बाई ख्रिस्ती मंडळीच्या चाळीत राहते, आणि त्या मंडळीचा चिटणीस आपल्याच सरकारी कचेरीत आहे, हेही साहेबाने शोधून काढलं.

आढावांना कचेरीत बोलावून विचारणा झाली. एवढंच पुरे झालं. त्याच संध्याकाळी ते शेवंतीबाईच्या दारात उभे राहिले, हातात टाइप केलेला कागद. मी यापुढे त्या वॉर्डात पाऊल ठेवणार नाही, असं त्यात होतं, खाली सहीला जागा.

"आढावसाहेब, आजाऱ्याकडं जाणार नाही असं लिहून देऊ? आपल्या मंडळीला?"

"ते आजारी नाहीत, दंगेखोर आहेत. उद्या सगळ्या मंडळीवर किटाळ येईल. माझ्या नोकरीचं काय? शनिवारी पाचला पंचांची बैठक आहे. सही केलेला कागद आणा, नाहीतर खोलीची किल्ली आणा."

"पाचला मला जमायचं नाही."

"का?"

"ती वेळ दिलेली आहे."

"कुणाला?"

"तुम्हीच मागून घेतलीत, आणि मलाच विचारताय?"

आढावांना यातलं एक अक्षर कळलं नाही. "आला नाहीत तर निकाल तुमच्या माघारी लागेल," असं बजावून ते गेले.

दार लावल्यावर मात्र शेवंतीबाई खुंटीपाशी जाऊन उभी राहिली. तोंडाने कितीही ताठ असली तरी तिला त्या खोलीशिवाय जगात जागा नव्हती. खुंटीवर अजून शांतवनचा कोट होता. ही खोली गेली तर तो कोट टांगायचा कुठे? ती रडली, आणि मग नेहमीसारखी भांडायला उठली. "तुझं एक मिनिट मी कधी बुडवलं नाही, आणि तू माझं छप्पर काढतोस? काढ. पण शनिवारी पाचला मी तुझ्याकडंच असेन. त्या वेळी मला बेघर करायचं तर तुझ्या डोळ्यांदेखत कर." असं देवाला ठणकावल्यावर तिला झोप लागली.

शनिवारी ती किल्ली पदराला बांधून निघाली. कागद चुलीत गेला होता.

पाच वाजले, साडेपाच झाले. तिकडे आपल्या खोलीचा निकाल लागत असेल, हे तिला प्रत्येक मिनिटाला ठाऊक होतं. गुणाजीने विचारलं, "मावशे, आज घड्याळ कित्याक बघतंस?" तिने त्याची चादर नीट केली. पावणेसहाला दारात गडबड झाली. बघते तो पाळकसाहेब शरच्चंद्र साळवी, सत्तरीचे, काठी टेकत आलेले. मागे दोन पंच आणि आढाव. बाई येत नाही तर आपण बाईकडे जाऊ, असं म्हणून पाळकसाहेब बैठकीतून उठले होते, त्यामुळे बाकीच्यांना उठावंच लागलं होतं.

हवालदाराने वही पुढे केली. "आत जायचं तर नाव लिवावं लागंल."

पाळकसाहेबांनी वही वाचली. पानामागून पान एकच नाव होतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि त्या नावाखाली आपलं नाव लिहिलं. दोघा पंचांनी एकमेकांकडे बघितलं आणि लिहिलं. आढाव मात्र उंबऱ्याच्या बाहेरच राहिले. त्यांच्या खिशातली दोन्ही पेनं खिशातच राहिली.

सहाची घंटा झाली. वॉर्ड रिकामा झाला.

"शेवंतीबाई, बाहेर या," आढाव दारातूनच म्हणाले.

"अजून चार मिनिटं आहेत."

"हीच ती चार मिनिटं! यांच्यापायी मला कचेरीत उभं केलं. काय करता तुम्ही या चार मिनिटांत?"

शेवंतीबाई पहिल्या खाटेशी गेली आणि स्टुलावरचा पाण्याचा पेला उचलून रोग्याच्या उशाशी, हात पोचेल असा ठेवला. मग दुसऱ्या खाटेशी. मग तिसऱ्या. गुणाजीपाशी पेला ठेवून तिने त्याचा हात उचलून पेल्याला लावून बघितला, पोचतो ना म्हणून.

"पेले सरकवती, साहेब," हवालदार खाली मान घालून म्हणाला. "रोज. म्या वर सांगितलं हुतं. कुणी लिवून घेतलं न्हाई."

शांतवन कसा गेला ते पाळकसाहेबांना ठाऊक होतं. माती त्यांनीच दिली होती. त्यांनी काठी घट्ट धरली. "पण चारच मिनिटं का, शेवंतीबाई?"

"तीन चाळीसला येते, पाळकसाहेब. दिवसाचा दशांश सहा चारला पुरा होतो. आढावसाहेबांनीच सांगितलं होतं, सगळ्याचा."

आढाव हेडक्लार्क होते. ओठ हलले, हिशेब आपसूक झाला. "एकशे चव्वेचाळीस," ते पुटपुटले, आणि त्यांचा चेहरा उतरला. वीस वर्षं ते दर सणाला दशांशावर बोलत आले होते. कुणी खरंच ऐकत असेल, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

"मनमोहन," पाळकसाहेब म्हणाले, "वहीत तिच्या नावाखाली माझं नाव आहे. तिची खोली काढायची तर माझीही काढा." दोघे पंच म्हणाले, "आमचीही." तिथेच खोलीचा निकाल लागला. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

शेवंतीबाईने हे ऐकलं, पण वळून बघितलं नाही. अजून तीन खाटा राहिल्या होत्या. शेवटचा पेला ठेवून तिने घड्याळाकडे पाहिलं, ओले हात पदराला पुसले आणि उंबऱ्याशी येऊन आढावांच्या समोर उभी राहिली.

"हं, आढावसाहेब, आता बोला. आता वेळ माझी आहे."

आढावांनी टोपी काढली आणि तिला वाट दिली. हवालदाराने वही ओढली आणि तिच्या नावापुढे लिहिलं, बाहेर, सहा वाजून चार मिनिटं.