शेवंतीला हवी होती गरम भाकरी

डिलाईल रोडच्या चाळीत शेवंतीची खानावळ होती. खानावळ म्हणजे पाटीबिटी काही नाही. एक खोली, एक चूल आणि गिरणीतून भुकेजून येणारे गडी. नवरा गेल्यापासून ती त्या चुलीपुढून उठलीच नव्हती म्हणा ना. भाकऱ्यांचे ढीगच्या ढीग तिनं तव्यावरून उतरवले, पण गरम भाकरी तिच्या ताटात कधी पडली नाही. सगळे जेवून गेले की उरलेली, कडा वाळलेली भाकरी ती उभ्याउभ्याच आमटीत बुडवून खायची. तिला देव नको होता, दागिना नको होता. कुणीतरी पाटावर बसवून तव्यावरची भाकरी वाढावी, एवढंच मनात होतं. पण असलं काही सांगायचं कुणाला? ऐकणारा हसलाच असता.

गेली चार वर्षं तर चुलीला उसंतच नव्हती. मोर्चे निघायचे, गडी अश्रुधुरानं डोळे लाल करून अवेळी दारात उभे राहायचे. "मावशी, काही आहे का?" काहीतरी असायचंच. शेवटी मुंबईसकट महाराष्ट्र मिळाला, चाळीत पेढे वाटले.

गड्यांमधला दत्ताराम पेढा घेऊन आला. "मावशी, आता राज्य आपलं!"

"राज्य आपलं रे बाबा, पण तवा माझा एकटीचाच राहिला."

दत्तारामच्या मागं उभे असलेले गडी वरमले. रविवारी आमचं आम्ही बघतो, तुम्ही कुठंतरी जाऊन या, म्हणाले.

जाणार कुठं? उरणला सुंदराबाई होती. पूर्वी चाळीत शेजारी राहायची, नवऱ्यानं गिरणी सोडली तशी दोघं गावी गेली. रविवारी सकाळी शेवंती भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसली. मोरा बंदरात उतरली, पुढं टांगा केला. मिठागरं मागं पडली आणि गाव आलं. इतकं शांत, की तिच्या कानात गिरणीचा आवाज उगाचच घुमत राहिला. पायांना आता कुठं जाणवलं, आपण किती दमलोय ते.

सुंदराबाईनं दारातच मिठी मारली. तिचा नवरा तात्या आतून ओरडला, "आली का शेवंती? जिताडा आणलाय गो, एवढा! तुझ्या हातचं कालवण खायचं म्हणून सकाळपासून उपाशी आहे मी!"

बघितलं तर चूल पेटलेली, मासा कापून ठेवलेला, मसाला वाटलेला, परातीत पीठ काढलेलं. मोठ्या मानानं सगळी तयारी तिच्यासाठीच मांडलेली. शेवंतीनं सवयीनं पदर खोचला, परातीपुढं बसलीसुद्धा. पिठात हात घातला आणि एकदम रडू आलं. तिनं हात बाहेर काढला.

"तात्या, आज माझी खानावळ बंद आहे."

तात्याचं तोंड उतरलं. सुंदराबाई गोंधळली. "अगं, तुझ्यापुढं मी काय थापणार? मला लाज वाटते."

"जळकी दे, फाटकी दे. पण गरम दे. आणि मला बसून खाऊ दे."

सुंदराबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग पाट मांडला, परात आपल्याकडं ओढली.

शेवंती पाटावर बसली खरी, पण बसणं काही सोपं नव्हतं. वासावरून तिला कळत होतं, भाकरी करपतेय. दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरून ती बसून राहिली. भाकरी ताटात आली, एका कडेला काळी, मध्ये फाटलेली. तुकडा मोडला तशी आतून वाफ निघाली. शेवंती डोळे मिटून चावत राहिली.

"मीठ बरोबर आहे का गो?" सुंदराबाईनं विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? मी पाहुणी."

"कालवण आंबट नाही झालं," तात्या फुरंगटून म्हणाला.

"तात्या, गप जेवा. खानावळीत कुरकुर करणाऱ्याला मी रस्सा कमी वाढते."

तात्याला हसू आलं. सुंदराबाई दुसरी भाकरी घेऊन आली. शेवंतीनं ताटावर हात आडवा धरला. "नको नको, पुरे."

"बरं," म्हणून सुंदराबाई वळली.

"अगं ए! वळतेस काय? आग्रह कर की जरा! नको म्हटलं तरी वाढायची असते. माझे गडी बोटं फाकवून नको म्हणतात, मी वाढतेच ना?"

सुंदराबाईनं हसत हसत भाकरी टाकली. शेवंतीला हात काढायचं सुचलंच नाही. भाकरी हातावरच पडली.

"अगो बाय! भाजलं?"

"राहू दे," शेवंती म्हणाली. "जरा वेळ राहू दे तशीच."