मूळचे कुठले?

आमच्या टेबलावर अर्ज दरवर्षी तेच, किस्से मात्र नवे. मी इंदूरच्या एका सरकारी कॉलेजात क्लार्क. ॲडमिशनच्या दिवसांत मी आणि चौहान सर कागद तपासायला बसतो. सरकारी खर्चाच्या सीट्स भागाभागांत वाटलेल्या असतात. इंदूरला इतक्या, झाबुआकडे इतक्या. तुम्ही कुठले, यावर पोरांची सीट ठरते. त्यामुळे माणूस दारातून येतो एका गावचा आणि खुर्चीत बसतो दुसऱ्या गावचा!

*

इंदूरच्या सीट्स पटकन भरतात, झाबुआच्या उरतात. इंदुरातच भंवरकुआंला फ्लॅट असलेले एक गृहस्थ म्हणाले, "आम्ही झाबुआचे."

"झाबुआत कुठे?"

बराच विचार करून म्हणाले, "दर वर्षी कडकनाथ खायला जातो ना!"

चौहान सर शांतपणे म्हणाले, "मुर्गे का आधार कार्ड लाए हो?"

*

महूचे कांबळे मुलाला घेऊन आले. घराणं फौजेतलं. अर्जात वडिलांचं जन्मस्थान हवं होतं.

"मोठा भाऊ फिरोजपूरला, बहीण सिकंदराबादला, मी रेल्वेत."

"रेल्वे क्वार्टरमध्ये?"

"नाही, रेल्वेत. इटारसी सुटलं होतं, खंडवा यायचं होतं."

"स्टेशन तो लिखना पड़ेगा," सर म्हणाले.

कांबळे म्हणाले, "लिहा, गाडी लेट होती!"

*

एकाच्या घराचं दार देवास जिल्ह्यात, अंगण इंदूरमध्ये. सरांनी मुद्द्याचं विचारलं, "सोते कहाँ हो?"

"सर, गर्मी में या ठंड में?"

*

एकदा कुण्या साहेबांच्या माणसाचा फोन आला. भाच्याला सीट हवी होती. मी विचारलं, "भाचे कुठल्या भागातले?"

तो अस्सल इंदुरी हिंदीत म्हणाला, "भिया, जहाँ सीट खाली हो, वहाँ के!"

*

आणि ही तुकोगंजची मानसी जाधव. तिचा नंबर इंदूर भागातल्या शेवटच्या सीटवर लागला होता. कागद सगळे इंदूरचे, पण अर्जातल्या 'मूल निवास' या रकान्यात लिहिलेलं: सातारा. हिंदीत त्याचा अर्थ तुम्ही कुठले रहिवासी, एवढाच. पण 'मूळ' म्हटलं की आपल्या माणसाला थेट खापरपणजोबा आठवतात!

अर्ज आजोबांनी भरलेला. सातारा म्हणजे परराज्य, म्हणजे सीट गेलीच. पाचला पोर्टल बंद होणार होतं आणि साडेचार वाजून गेले होते. पोरगी रडवेली झाली. मला फार वाईट वाटलं, कारण आमच्या घरीही आम्ही स्वतःला वाईचेच म्हणवतो, आणि वाई मी अजून पाहिलेली नाही.

चौहान सर म्हणाले, "दादाजी फोन पे बोल दें कि गलती से लिखा, मैं सुधार दूँगा."

मानसीने फोन लावून स्पीकरवर टाकला. सरांनी विचारलं, "दादाजी, आप लोग कहाँ के हैं?"

"आजोबा, इंदूर म्हणा ना," मानसी कुजबुजली.

आजोबा उखडलेच. "अरे क्या बात कर रिये हो भिया! अपन तो ओरिजनल सातारा वाले हेंगे!"

चौहान सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रकान्यात टाइप केलं: इंदौर.